मागच्या बाकावरील सभासद



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून पुष्कळांची निराशा झाली असेल. वसंत व्याख्यानमालेत लोक शिवचरित्र ऐकावयास येतात, ज्ञानेश्वरी ऐकावयास येतात, फार तर एखादा हिंडून-फिरून आलेला वक्ता भेटला तर त्याच्याबरोबर हिमालयापर्यंत जाऊन येतात. दिवसभर खानदेशातले वैशाखी ऊन सोसावे, संध्याकाळी घटकाभर मोकळ्या हवेत बसावे, आणि कोणी उठून आपल्याला लोकसभेच्या मागच्या बाकांवर नेऊन बसवावे, हा काही सुखाचा सौदा नव्हे. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. निवडणूक आली म्हणजे आपल्या गावातला प्रत्येक पानवाला राजकारणाचा पंडित होतो. पण निकाल लागल्यावर, निवडून दिलेला माणूस पुढची पाच वर्षे दिल्लीत नेमके काय करतो, हे कोणी विचारीत नाही. विचारलेच तर एवढेच विचारतात की, ‘मंत्री झाला का?’ झाला तर ढोलताशे. न झाला तर आपले मत फुकट गेले!

आता हिशेब पाहा. २००३ सालच्या घटनादुरुस्तीप्रमाणे मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या एकूण संख्येच्या शेकडा पंधरापेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणजे कोणताही पक्ष निवडून आला तरी शंभरांतले पंच्याऐंशी सभासद मंत्री व्हावयाचे नाहीतच. हे सर्व फुकट गेले असे मानावयाचे असेल तर लोकसभेची एवढी मोठी इमारत बांधण्याचे कारण नव्हते. एखादी बैठकीची खोली पुरली असती. शाळेत मागच्या बाकावर कोण बसतात हे आपणा सर्वांस ठाऊक आहे, आणि त्या आठवणीमुळेच ह्या शब्दाला आपल्याकडे थोडा हिणकस वास लागला आहे. पण विधिमंडळातला मागचा बाक म्हणजे अधिकारपद नसलेल्या सभासदाची जागा, एवढाच त्याचा अर्थ. तिथे बसून माणूस काय करू शकतो, हे एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण आपल्या शेतीवाडीतले आहे.

समजा, १९३० च्या सुमारास यावल तालुक्यातला एखादा एकत्र कुटुंबातला शेतकरी वारला. मागे बायको आणि दोन लहान मुली. शेत कोणाचे? दिराचे. बायकोला काय? अन्नवस्त्र. तेही दिराच्या मनात असेल तर वेळेवर, नसेल तर कोर्टात जाऊन. आपल्याकडे अशी किती घरे होती, हे सांगावयास आकडे नकोत. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या माणसांनी आपल्या आज्या-पणज्यांची आठवण करावी. बहिणाबाई चौधरी ह्याच जळगावच्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि त्यापुढचे आयुष्य त्यांनी कष्टांत काढले, हे सर्वांस माहीत आहे.

त्या काळी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख हे सभासद होते. पेशाने शस्त्रवैद्य. सरकार इंग्रजांचे, मंत्रिपद वगैरे प्रश्नच नव्हता. ह्या गृहस्थांनी एक खासगी विधेयक आणले की, हिंदू स्त्रीला मालमत्तेत वाटा मिळावा. सनातन्यांनी गिल्ला केला. परक्या सरकारला हिंदूंच्या चालीरीतींत हात घालून वादळ ओढवून घ्यावयाचे नव्हते. विधेयक चिकित्सा समितीत गेले, आणि समितीतून बाहेर आले तेव्हा त्याची ओळख पटू नये इतके ते बारीक झाले होते. मूळ मसुद्यात मुलगी होती, ती गळाली. विधवा तेवढी राहिली, आणि तिलाही मिळाला तो हयातीपुरता हक्क. मुलाइतका वाटा तिने घ्यावा, उत्पन्न खावे, परंतु विकावयाचा अधिकार नाही, आणि डोळे मिटले की जमीन पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. एवढ्या अटींसह १९३७ साली तो कायदा झाला. लोक त्याला ‘देशमुख कायदा’च म्हणत.

हा कायदा अपुरा होता, आणि तो कसाबसा उभा केलेला होता हे लवकरच दिसून आले. १९४१ साली फेडरल कोर्टाने निर्णय दिला की, प्रांतांतील शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. कारण शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय. ज्या देशात मालमत्ता म्हणजे मुख्यतः शेत, तिथे शेत वगळून विधवेला वाटा! कायद्याचे डोके आणि शेतकऱ्याचे डोके ह्यांत अंतर असते ते असे. पण गंमत पुढेच आहे. ह्या एका तोकड्या कायद्यामुळे इतके गोंधळ झाले की सरकारला स्वस्थ बसणे अशक्य झाले. त्याच १९४१ साली सर बेनेगल नरसिंग राव ह्यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायद्याची समिती नेमावी लागली. तिच्यात पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे होते. १९४५ साली ही समिती मुंबई, पुणे, नागपूर, कलकत्ता, मद्रास, लाहोर अशी गावोगाव फिरली आणि साक्षी घेतल्या. शास्त्री-पंडितांनी साक्षी दिल्या, वकिलांनी दिल्या, आणि स्त्रियांच्या संस्थांनीही दिल्या. स्त्रीच्या हक्काबद्दल स्त्रीलाच समोर बसवून विचारावे, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

पुढचा इतिहास आपण जाणता. १९४७ च्या एप्रिलात हिंदू कोड बिल मांडले गेले, १९४८ साली ते चिकित्सा समितीकडे गेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी जिवाचे रान केले, आणि ते रेंगाळत ठेवलेले पाहून २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बहिणाबाई त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेल्या.

आता येथे आपल्या खानदेशाचा माणूस येतो. हरिभाऊ पाटसकर हे नाव नव्या पिढीने फार ऐकलेले नसेल. आणि ऐकले असेल तर सीमाप्रश्नाच्या संदर्भात ऐकले असेल. कारण बेळगाव-कारवारबद्दल बोलताना ‘पाटसकर सूत्र’ हा शब्द आपल्या तोंडी असतो. आंध्र आणि मद्रास ह्यांच्या हद्दीचा तंटा त्यांनी १९५७ साली ‘खेडे हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या’ ह्या तत्त्वावर सोडविला, आणि महाराष्ट्राने तोच काटा आपल्याही सीमेला लावा असा आग्रह धरला. पण तो पाटसकरांच्या आयुष्याचा उत्तरार्ध. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते जळगावातून लोकसभेवर गेले, आणि पुढे कायदे खात्यात मंत्री असताना हिंदू विवाहाचा कायदा १९५५ साली व वारशाचा कायदा १९५६ साली लोकसभेतून पार करून नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. आंबेडकरांच्या हातून जे सरकारने होऊ दिले नाही, ते तुकडे करून का होईना, आपल्या जळगावच्या प्रतिनिधीच्या हातून पुरे झाले.

त्या चर्चा आम्ही वाचल्या आहेत, आणि श्रोतेहो, त्या नाटकासारख्या रंगतात. हिंदुमहासभेचे निर्मलचंद्र चॅटर्जी हे नामांकित वकील. ते एका बाजूने शास्त्र आणि कायदा ह्यांची फेक करीत आहेत. दुसऱ्या बाजूने कम्युनिस्ट पक्षाच्या रेणू चक्रवर्ती म्हणतात, हे थोडे झाले, आणखी द्या. आणि काँग्रेस पक्षाचेच कित्येक सभासद स्वतःच्या सरकारच्या विधेयकाविरुद्ध उघड बोलतात. मंत्र्याला उत्तर द्यावे लागते ते सर्वांना. १९५६ च्या कायद्याचे चौदावे कलम पाहा: हिंदू स्त्रीच्या ताब्यात असलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची, हयातीपुरती नव्हे. देशमुखांच्या कायद्यातली लंगडी विधवा ह्या एका कलमाने आपल्या पायांवर उभी राहिली. १९३७ साली खालच्या आवाजात मिळालेला हक्क एकोणीस वर्षांनी मोठ्या आवाजात मिळाला. पहिला लहान हक्क कोणी मिळविलाच नसता तर दुसरा वाढवावयाचा कशातून?

मुलीचे मात्र तेव्हाही पुरते झाले नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्माने हक्क मुलाचाच राहिला, आणि राहत्या घराची वाटणी मागावयाची मुलीला मनाई. ते काम महाराष्ट्राने १९९४ साली, आणि साऱ्या देशासाठी संसदेने २००५ च्या सप्टेंबरात केले. आज कायद्याने मुलगी मुलाच्या बरोबरीची आहे. तलाठ्याच्या दप्तरात काय आहे, हे आपण आपापल्या घरी पाहावे. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिला एक साडी द्यावयाची, ही चाल जळगावात नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल तर आम्ही त्यास वाकून नमस्कार करू. पण तो दोष कायदेमंडळाचा नव्हे.

पाटसकर मंत्री होते म्हणून त्यांनी हे केले, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणून त्यांचा त्याआधीचा एक प्रसंग सांगतो. १९४९ च्या जूनमध्ये घटनासमितीत निवडणूक आयोगाच्या कलमावर चर्चा झाली. पाटसकर तेव्हा साधे सभासद. मसुदा समितीतही नव्हते. आधीच्या मसुद्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी वेगळी यंत्रणा होती. नव्या मसुद्यात सर्व सूत्रे एकाच केंद्रीय आयोगाकडे आली. काही प्रांतांत परप्रांतीय लोकांची नावे मतदारयादीतून गाळतात अशा तक्रारी होत्या, म्हणून हा बदल, असे आंबेडकरांनी सांगितले. पाटसकरांनी हरकत घेतली की, काही ठिकाणच्या दोषासाठी साऱ्या प्रांतांवर अविश्वास कशाला दाखविता, आणि सत्ता एका ठिकाणी का गोळा करता? त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. आमच्या मते न झाले तेच बरे. मतदारयाद्या प्रांतांच्या हाती राहिल्या असत्या तर भाषिक अल्पसंख्याकांची अनेक ठिकाणी धडगत नव्हती. पण हरकत घेणे हे त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी चोख केले.

त्याच चर्चेत शिब्बनलाल सक्सेना नावाच्या सभासदाने एक दुरुस्ती सुचविली होती: मुख्य निवडणूक आयुक्ताची नेमणूक संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या एकत्र बैठकीत दोन-तृतीयांश मतांनी मंजूर व्हावी. म्हणजे सत्तारूढ पक्षाला आपल्या मर्जीचा माणूस बसविता येऊ नये. आंबेडकरांनी प्रामाणिकपणे कबूल केले की, अयोग्य माणूस सरकारच्या मुठीत राहून त्या जागेवर येऊ नये ह्यासाठी घटनेत तरतूद नाही, आणि हा प्रश्न डोकेदुखीचा आहे. नेमणुकीची रीत संसदेच्या पुढील कायद्यावर सोपविली गेली. सक्सेनांची दुरुस्ती पडली.

पडली म्हणजे मेली नाही. संसदेने तो कायदा सत्तर वर्षे केलाच नाही. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निर्णय दिला की, कायदा होईपर्यंत ही नेमणूक पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश ह्यांच्या समितीच्या शिफारशीने व्हावी. आणि त्या निकालपत्रात १९४९ ची ही जुनी चर्चा पुन्हा उलगडून वाचली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला एक मंत्री बसविला, ही गोष्ट वेगळी. त्यावरचे आमचे मत आपण विचारू नये, कारण ते आमच्या चेहऱ्यावर दिसतच असेल. मुद्दा असा की, छापलेल्या चर्चेत पडलेली दुरुस्ती एखाद्या दप्तरातल्या कागदासारखी पडून राहते. ज्यांनी धुळ्याला देह ठेवला त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी आम्हांस हेच शिकविले नाही काय? रुमालात बांधलेला कागद कधी बोलू लागेल ह्याचा नेम नसतो.

खानदेशाने ह्या बाकांवर तऱ्हेतऱ्हेची माणसे पाठविली. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत, पूर्व खानदेशाने नौशेर भरुचा ह्या मुंबईच्या पारशी वकिलाला लोकसभेत पाठविले. ना जात, ना गाव, ना भाषा. तरी लोकांनी मते दिली. आज हे शक्य आहे काय, ह्याचा विचार आपल्यावर सोपवितो. त्या लोकसभेची वृत्ते चाळली तर विधेयकामागून विधेयकांच्या चर्चेत हे नाव भेटते. एकटा माणूस, पाठीशी मोठा पक्ष नाही. त्याचे हत्यार म्हणजे नियमांचे पुस्तक.

त्याच लोकसभेत मागच्या बाकाचे सर्वांत गाजलेले काम झाले. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी, म्हणजे पंतप्रधानांचे जावई आणि सत्तारूढ पक्षाचे सभासद, उभे राहिले आणि आयुर्विमा महामंडळाने मुंदडा ह्यांच्या कंपन्यांचे भाग कसे विकत घेतले हे त्यांनी विचारले. न्यायमूर्ती छगला ह्यांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि दोन महिन्यांत अर्थमंत्र्यांना जावे लागले. त्याआधी १९५६ साली ह्याच फिरोज गांधींनी एक खासगी विधेयक मंजूर करवून घेतले होते, की संसदेतील कामकाजाचे खरे वृत्त छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला होऊ नये. आणीबाणीत, १९७६ साली, तो कायदा रद्द झाला. १९७७ साली पुन्हा आणावा लागला. कोणाला कशाची भीती वाटते हे त्यावरून समजते.

खासगी विधेयकांचे पुढे काय झाले म्हणाल, तर फार दुःखाची गोष्ट आहे. शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास त्यांच्यासाठी राखलेले. सभासद गाडी पकडण्याच्या घाईत, बाके रिकामी. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी चौदा विधेयके कायदा झाली, आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. आणि १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आला. आयाराम-गयारामांना आळा घालावा हा हेतू चांगला. पण पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सभासदत्वच जाते, असा धाक बसला. १९५५ साली काँग्रेसचे सभासद पाटसकरांच्या विधेयकावर जसे मोकळेपणाने तुटून पडले, तसे आज कोण आपल्या मंत्र्यावर तुटून पडेल?

म्हणून आज खरे काम पाहावयाचे तर समित्यांत पाहावे. लोकलेखा समिती १९२१ पासून आहे. बावीस सभासद, मंत्री त्यांत असू शकत नाही, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. १९९३ पासून खात्याखात्यांच्या स्थायी समित्या आल्या. तिथे दार बंद असते, वर्तमानपत्रवाला नसतो, टाळ्या नसतात, पक्षादेश नसतो. समोर खात्याचा सचिव बसलेला असतो, आणि मागच्या बाकावरचा सभासद त्यास विचारतो की, एवढे पैसे मंजूर झाले, त्यांतले खर्च किती झाले, आणि उरलेले मार्चअखेरीस घाईघाईने कोठे गेले? जो सभासद घरून कागद वाचून येतो त्याच्यापुढे सचिवाला घाम फुटतो. जो वाचून येत नाही तो चहा पिऊन सही करतो. कोण कोणत्या जातीचा आहे हे भाषणाच्या संख्येवरून कळत नाही. अलीकडे वर्तमानपत्रे खासदारांची हजेरी आणि प्रश्नसंख्या मोजून गुण देतात. मोजावे, पण प्रश्न मोजताना तो कशासाठी विचारला हेही पाहावे.

हे आम्ही सहज म्हणत नाही. लोकसभेत दररोज वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि २३० अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी घेतले जातात. मंत्र्याला उत्तर देणे भाग असते. हे एवढे मोठे हत्यार आहे की त्याला गिऱ्हाईक मिळते. सप्टेंबर १९५१ मध्ये हु. गु. मुदगल ह्या सभासदाला राजीनामा द्यावा लागला, तो मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची वकिली केल्याबद्दल. आणि २३ डिसेंबर २००५ रोजी प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांनी मिळून अकरा सभासद काढून टाकले. एका काल्पनिक संस्थेच्या नावाने पत्रकारांनी सापळा लावला होता. त्या अकरांत जळगाव आणि एरंडोल ह्या दोन्ही मतदारसंघांचे खासदार होते. म्हणजे ह्या जिल्ह्याच्या दोन्ही जागा एका दिवसात रिकाम्या झाल्या. मुलींना वारसा देणाऱ्या कायद्याचे आणि ह्या गोष्टीचे वर्ष एकच. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या जानेवारीत ही कारवाई वैध ठरविली.

त्या वेळी गावात काय बोलले गेले? कोणी म्हणाले, दिल्लीवाल्यांनी आपल्या माणसांना फसविले. कोणी म्हणाले, सगळेच घेतात, हे सापडले. आम्हांस दोन्ही उत्तरे पटली नाहीत. त्या खासदारांनी तोवर कोणते प्रश्न विचारले होते, हे त्या दिवसापूर्वी येथील किती नागरिकांनी पाहिले होते? कापसाच्या भावावर किती, केळीच्या रेल्वेवाघिणींवर किती, तापीच्या पाण्यावर किती? ते तर सर्व छापलेले होते. कोणाच्या प्रश्नांत आपल्या जिल्ह्याचे नाव येत नाही आणि कोणा अनोळखी संस्थेची मागणी येते, हे साध्या वाचणाऱ्या माणसालाही दिसले असते.

आता तर वाचण्याची सोयही झाली आहे. संसदेचे कामकाज अक्षरशः घरबसल्या वाचता येते, संविधान सभेपासूनचे. इंग्रजी-हिंदीची अडचण आहे हे खरे. येथील महाविद्यालयांतल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या दोन जिल्ह्यांच्या खासदारांचे वर्षभराचे प्रश्न मराठीत उतरवून ग्रंथालयाच्या फळ्यावर लावावेत, अशी आमची सूचना आहे. खर्च कागदाचा.

आणखी एक दार आहे, ते फार थोड्यांना ठाऊक. लोकसभेची याचिका समिती म्हणून एक पंधरा सभासदांची समिती असते. सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर कोणाही नागरिकाने सभागृहाला याचिका करावी. ती मराठीत लिहिली तर हिंदी वा इंग्रजी भाषांतर जोडावे. आपल्या खासदाराकडून तीवर प्रतिस्वाक्षरी करून घ्यावी, आणि त्याने ती सभागृहात मांडावी. समिती खात्याकडून उत्तर मागविते, वेळप्रसंगी साक्षी घेते. ह्यासाठी खासदार मंत्री असावा लागत नाही. त्याच्याकडे लेखणी असली आणि तो आपला कागद नीट वाचून सही करणारा असला म्हणजे पुरते.